हुपरीच्या माणसाला चांदी शिकवायला गेलतो!

मंडळी, अजून अंगावर काटा आहे!

आज चर्चतर्फे तुरुंगात प्रार्थनेला गेलतो. मी जोशात माझा ठरलेला दाखला दिला. सोनार चांदी भट्टीत घालतो, तसा देव आपल्याला तापवून शुद्ध करतो.

मागनं एक कैदी उठला. "पावणं, चांदी आटवलीसा का कधी?"

हा गडी निघाला चांदीकामासाठी नावाजलेल्या हुपरीचा, वीस वर्षं चांदीचे पैंजण घडवलेला.

"भट्टीचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमच्यात कारखान्यातली झाडलेली धूळबी कोण टाकत न्हाय. त्यात चांदीचा चुरा असतोय. धूळ साठवायची, आटवायची, चांदी काढायची. मला घरच्यांनी झाडून टाकलंय. पण हुपरीच्या कारागिरापेक्षा देव कच्चा न्हाय की!"

अख्खी बराक 'आमेन' म्हणून ओरडली! दारावरचा शिपाईसुद्धा हसला. माझं प्रवचन तिथंच संपलं, आणि लय बरं झालं.

घरी आल्या आल्या धाकट्या भावाचा नंबर अनब्लॉक केला. तीन वर्षं ब्लॉक होता. आता रिंग जातेय.

तुमच्या ब्लॉक लिस्टमधल्या धुळीत कोण आहे हो?