पुडीतली तूर

तुरीच्या ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. ज्यांनी ते खाल्ले नाहीत त्यांची मला मनापासून कीव येते. जे सोल्यांऐवजी मटार घालतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे जेवायला जात नाही. जानेफळच्या आमच्या घरी थंडी पडली की सोले रोज नव्या रूपात पानात यायचे. कधी वांग्यात, कधी भातात, कधी ठेचून आमटीत. श्रावणात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, उन्हाळ्यात हिरवं संपलं की डाळ आणि वाळवणं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. शेतात जे निघेल ते आई ओच्यात घालून आणायची आणि तेच शिजायचं.

यात आईची एक मोठी सोय होती, ती मला फार उशिरा कळली. बाजार बाबा करायचे. बाजारातली प्रत्येक वस्तू तिला मागावी लागायची, आणि ते विसरले की पुन्हा मागावी लागायची. शेतातून आणलेलं मात्र तिचं असायचं. किती शिजवायचं आणि कुणाला द्यायचं, हे ती कुणाला विचारत नसे. शेजारच्या चाचींशी तिचं देणंघेणं त्यावरच चालायचं. चाचा गाद्या-रजया भरायचे. चाचींकडून शेवया यायच्या, लोणचं यायचं, आणि त्यांचं भांडं आमच्याकडून कधी रिकामं परत गेलं नाही.

मग बीटी कपाशी आली. पहिली काही वर्षं पीक असं आलं की बाबांच्या चालण्यातसुद्धा फरक पडला. पूर्वी कपाशीच्या काही ओळींनंतर एक ओळ तुरीची असायची, अधूनमधून अंबाडी, बरबटीचे म्हणजे चवळीचे वेल. तूर फवारणीच्या आड येते म्हणून बाबांनी सगळं वावर कपाशीचं केलं. घराला रंग लागला, गॅस आला. गव्हाच्या पोळ्या सणासुदीच्या होत्या, त्या रोजच्या झाल्या. मला त्या आवडायच्या, उगाच खोटं कशाला बोलू? आम्ही मजेत होतो.

तूर गेली त्या हिवाळ्यात चाचींनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाभी, यंदा सोले उशिरा काऊन?"

"येतीन," आई म्हणाली. येणार कुठून? चाचींचा जर्मनचा डबा आमच्या फळीवर बरेच दिवस पडून राहिला. शेवटी आईने त्यात साखर भरून पाठवली. दुकानातली साखर देताना आईचं तोंड एवढंसं झालं होतं. आई गरीब दिसते असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि तेव्हा तर घरात पैसा होता.

बीटीच्या बियाण्यासोबत एक छोटी पुडी यायची. अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून ती कपाशीच्या कडेने लावायची असे. आधी तिच्यात साधी कपाशी असायची, पुढे कधीकधी तूर येऊ लागली. आमच्या गावात ती पुडी लावण्याचे कष्ट कुणी घेत नसे. बाबाही ती गोठ्याच्या कोपऱ्यात फेकायचे. पुढच्या पेरणीला आईने ती उचलली. फेकलेली वस्तू घ्यायला कुणाला विचारायचं नसतं, एवढा हिशेब तिने मनाशी केला असावा. मग ती आळीत फिरली. "फेकूनच देता, तं मले द्या," म्हणत तिने आणखी पुड्या गोळा केल्या आणि सगळी तूर शेताच्या बांधाने, म्हणजे धुऱ्याने, स्वतः बसून एकेक दाणा करत टोबली.

बाबा हसले. "कंपनीचं आयकणारी साऱ्या गावात एकटी तूच."

"हाव," आई म्हणाली. "मी पुडीवर लिवलं तसं करून राह्यली." तिला वाचता येत नव्हतं. पुडीवरचं मीच तिला वाचून दाखवलं होतं, आणि तिने ते अर्धवटच ऐकलं होतं.

त्या थंडीत सोल्यांची पहिली वाटी चाचींकडे गेली, मग आमच्या पानात पडली. मला राग आला होता, पण आई इतकी खुशीत होती की मीही हसून जेवायला बसले. पुढे दरवर्षी धुऱ्यावर तूर उभी राहिली.

काही वर्षांनी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बोंड फोडलं की आत अळी. बाबांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं आणि बाजाराची पिशवी खुंटीवरून फारशी उतरत नव्हती. धुऱ्यावरची तूर मात्र लगडली होती. आमटी, सोलेभात, मीठ घालून उकडलेल्या शेंगा. नुसतं जेवणाचं सांगायचं तर तो हिवाळा आमचा वाईट गेला नाही. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण खरं आहे.

एका संध्याकाळी दुसरबीडहून बाबांचे जुने मित्र आले. त्यांचीही कपाशी गेली होती. दोघांनी चहा घेतला, पिकाचा विषय कुणी काढला नाही. ते जायला उठले तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. आई शेंगा सोलत होती, टोपली तिच्याजवळच होती. घरातली कुठलीही वस्तू विचारून घेण्याची बाबांना सवय नव्हती. तरी ते टोपलीला हात न लावता उभे राहिले.

"अवं," ते हळू म्हणाले, "त्याहिले घरी न्यायले थोड्या शेंगा द्यू का?"

आई सोलायची थांबली. मला हसू आलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी निवडून देते. तुम्ही साऱ्या जून शेंगा द्यान."

ती एकेक शेंग पारखून टाकत होती, आणि बाबा पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून तिच्यासमोर उभे होते.