धार ऐकणारे डॉक्टर

द्विभाषिक राज्य झाले त्या साली सरकारी नोकरी सोडून मी घाटंजीत दवाखान्याची पाटी लावली, तेव्हा पहिला हार घेऊन आले ते समोरच्याच दवाखान्याचे डॉ. माधवराव. त्यांच्या ओट्यावरची गर्दी मी त्याच दिवशी पाहिली आणि जळलो. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात खोटे कशाला लिहू? अजूनही जळतो.

लघवीची तक्रार आपल्याकडे कोणी सरळ सांगत नाही, ‘कंबर दुखते’ म्हणतात. माधवराव अशा माणसाला तांब्याभर पाणी पाजून बसवून ठेवतात, मग परसात नेतात आणि स्वतः पाठ करून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या पिकाची, चौकशी करत उभे राहतात. कान मात्र धारेकडे. सुरू व्हायला वेळ लागतो का, मध्येच तुटते का. आग होते का, वरचेवर जावे लागते का, हे मग आपणच विचारतात. निघताना बजावतात, “रगत दिसलं, हुडहुडी भरून ताप आला, तं बाजाराची वाट नोका पाहू. त्याच दिवशी या. अडली तं तेच घडीले!” हे सारे मलाही येत होते, पण माझ्याबरोबर परसात यायला कोणी तयार नसे.

माझे वडीलसुद्धा नाही. एका बाजारच्या दिवशी ते माझा दवाखाना टाळून समोर गेले. ओटीपोट फुगून घट्ट झालेले, सकाळपासून थेंब उतरला नव्हता. माधवरावांनी मला बोलावून घेतले.

“त्रास कमी व्हावा म्हणून म्या पानीच सोडलं होतं,” वडील त्यांना सांगत होते.

“पानी सोडलं तं अजून बिघडते, बाबाजी. पोराले काहून नाही सांगतलं?”

“बापानं पोराले हे सांगावं काय? लाज नाही काय?”

माधवरावांनी रबरी नळी घालून लघवी मोकळी केली आणि आपला दवाखाना बंद ठेवून वडिलांना स्वतः यवतमाळच्या इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया झाली, वडील वाचले. पुढे ते ज्याला-त्याला “माहे डॉक्टर” म्हणून माधवरावांचे नाव सांगत. तेव्हा माझ्या पोटात जे दुखे, त्यावर औषध नव्हते.

आता माझाही मुलगा डॉक्टर होऊन माझ्याच दवाखान्यात बसतो. हल्ली माझी धार बारीक झाली आहे आणि त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. माधवराव, उद्या मी रस्ता ओलांडून तुमच्याकडे येतो आहे. तुम्ही धडधाकट राहा, उदंड जगा. इलाजाला मला तुम्हीच हवेत; आणि जळायलाही दुसरे कोणी चालायचे नाही.