चौकीदाराच्या पोटरीवरचा डाग

मी चांद्याला मास्तर होतो, तेव्हा डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. मी जंगल नाक्यापर्यंत जाऊन परत येत असे. मला पाहिलं की नाक्याचा चौकीदार आडवा बांबू उचलायचा. बांबू बैलगाड्यांसाठी, मी पायी माणूस, बाजूनं सहज गेलो असतो. पण त्याला ते खपत नसे.

"कुठी चालले, मास्तर?"

"कुठं नाही. इथूनच परत घरी."

"मंग निघता काऊन?"

हे रोजचं. उत्तर ऐकून तो माझी कीव आल्यासारखी मान हलवायचा.

पंधरा दिवसांत माझ्या पोटऱ्यांना गोळे आले. मला लंगडताना पाहून त्यानं शेकोटीशी बसवलं आणि विळ्याचं टोक निखाऱ्यात खुपसलं.

"डाग देतो. पायाले आमच्या इथी हेच औषध."

मी पाय आखडून घेतला.

"भेता काऊन? पाहा." असं म्हणून त्यानं ते लाल टोक स्वतःच्याच पोटरीवर टेकवलं. चर्र झालं, कातडी जळल्याचा वास आला, आणि हा माझ्याकडे बघून हसत होता.

"काई होत नाई. आना आता तुमचा पाय."

"थांबला," मी कसंबसं म्हणालो, "दुखायचा थांबला."

"पाह्यलं? लागला गुण!" तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी बांबू उचलायला तो लंगडत आला.

"पाय कसा हाय, मास्तर?"

"बरा आहे," मी म्हणालो. त्याचा कसा आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.