आईची वीत

मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला लागले, तेव्हा मला मिलिमीटरचं वेडच लागलं. आमच्या गावी, कापड्याला, सुट्टीवर आले आणि आईची वीत स्टीलच्या पट्टीवर ठेवून मोजली. एकशे नव्वद. ती माझे परकर पाच वितींचे शिवायची, म्हणजे साडेनऊशे मिलिमीटर. मी ते वहीत लिहून ठेवलं. आई म्हणाली, "लिवतेस कशाला गो? हात हाय ना माझा."

पुढे काही वर्षांनी तिने गाववाल्यांबरोबर पाठवलेला परकर घोट्याच्या वर राहिला. टेप लावली, तर सव्वाशे मिलिमीटर कमी. मी गावी तिच्या शेजारच्या दुकानात फोन करून तिला बोलावून घेतलं आणि फाडकन विचारलं, "कापड वाचवतेस काय?"

"पाच वितींचाच हाय गो," ती एवढंच म्हणाली.

शिमग्याला गावी गेले, तेव्हा ती नवं कापड मोजत बसली होती. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. मी गुपचूप तिचा हात पट्टीवर ठेवला. एकशे पासष्ट. पाच वितींचा हिशेब मला तोंडपाठ होता.

मी पट्टी बाजूला सारली, पण तिला कळलं. "मग आता सहा वीत घेते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने आपला अंगठा धरून ओढून उघडायला लागली.