काड्यापेटीतल्या कड्या

कारखान्याच्या गोदामात तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली की माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो, असं लोक म्हणत. ह्या स्टोअरकीपरांचा तो मुळात नव्हताच. पाठीमागे सगळे त्यांना ‘तराजू’ म्हणत. सीलबंद खोकं आलं तरी ते फोडून खिळे मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ दिलं. पट्टा सैल होता, म्हणून कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने दोन कड्या काढल्या. तराजूंनी त्या मागून घेऊन काड्यापेटीत ठेवल्या आणि घरी येऊन उरलेल्या प्रत्येक कडीला आतून सुईने बारीक खूण केली. न जाणो, मेल्याने बदलल्या तर! दर रविवारी ते घड्याळाला पाणी लागू न देता साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने पट्टा घासत, फडक्याने कोरडा करत आणि खुणा तपासत.

वर्षभरात पट्टा पुन्हा घसरू लागला. तिसरी कडी काढावी लागली, तीन महिन्यांत चौथी. आज सकाळी आरशासमोर हात वर केला तर घड्याळ थेट कोपराकडे गेलं. पाणी कुठेतरी मुरत होतं!

“अहो, नका घालू ते घड्याळ,” बायको म्हणाली. फारच पटकन म्हणाली. हिचंही त्यात अंग आहे की काय, असं वाटून ते काड्यापेटी आणि पोलादी फूटपट्टी घेऊन तडक दुकानात गेले.

“सैल पिना घालतोस, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं! काय?”

घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. पट्टा सोडवून काउंटरवर सरळ पसरला. “मोजा, काका.”

पट्ट्यात सतरा, काड्यापेटीत चार. एकवीसच्या एकवीस. खुणा जागच्या जागी. फूटपट्टीवरही केसाचा फरक नाही. तराजूंनी दोनदा मोजलं, मग भिंग मागून घेऊन पुन्हा.

“पट्टा तेवढाच आहे, काका,” घड्याळवाला हळूच म्हणाला. “मी मागच्या वेळीच बोलणार होतो. जरा हात बघा.”

तराजूंनी हात बघितला. मनगटाचं हाड वर आलं होतं. जगातली प्रत्येक वस्तू त्यांनी मोजली होती, हीच तेवढी राहिली होती.

घरी येऊन त्यांनी कपाटातली पॅंट काढली आणि तिची कंबर उलटी केली. आत शिवणीच्या तीन ओळी होत्या, एकीच्या आत एक. टाके बायकोचे होते.

ती दारात उभी होती.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“उन्हाळ्यापासून. दोनदा डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणालात, त्याला पेशंट हवेत, तुला फिरायला हवं. मग काय करणार? पॅंट घसरली असती चारचौघांत.”

ते खरोखर तसंच म्हणाले होते. तराजू पलंगावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना फार भीती वाटली, आणि दोष द्यायला कुणी नव्हतं.

मग त्यांनी घड्याळ आणि काड्यापेटी तिच्या हातात दिली.

“चल, आत्ताच जाऊ डॉक्टरकडे. पण तूही आत ये,” ते म्हणाले. “तो सांगेल ते मला खरं वाटायचं नाही. तू ऐक, आणि मला तू सांग.”