जुईचे पिवळे तळवे

माझी झोप उडायला फार मोठं कारण लागत नाही. जुई दोनदा शिंकली की मी जागी. अजिबात शिंकली नाही तरी मी जागीच, कारण आज पोर एवढी शांत का? अशा बाईला जेव्हा स्वतःच्या मुलीचे तळवे पिवळे दिसले, तेव्हा तिचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

सांगते सगळं, चहा तर घ्या. अट एकच. मध्येच कुणी 'आम्हाला आधीच कळलं होतं' असं म्हणायचं नाही. तुम्हाला कळेलच हो. मला कळलं नाही, म्हणून तर सांगण्यासारखं काही घडलं.

जुई माझी मुलगी, पाच वर्षांची. एका दुपारी आमच्या पेणच्या घराच्या पायरीवर बसून तिची नखं काढत होते. उन्हात तळवे बघितले तर पिवळे. साबण लावला, गेलं नाही. बेसन लावून चोळलं, तर आणखीच पिवळे दिसायला लागले. मग तळपाय उलटे करून बघितले. तेही तसेच.

"कावीळ," मी म्हटलं. स्वतःशीच म्हटलं, पण आमच्या घरात स्वतःशी काही म्हणता येत नाही. सासूबाई बाहेर आल्याच.

आता सरळ माणूस काय करेल? मुलांच्या डॉक्टरकडे जाईल. आमच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना तर चालत पाच मिनिटांवर. पण मॅडम आणि मी यांचे संबंध जरा नाजूक आहेत. मागच्या खेपेला जुईच्या पाठीवर निळा डाग बघून मी तिला पळवत नेलं होतं. तो स्केचपेनचा निघाला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी आधी ओल्या फडक्याने पुसून बघा, मग या." दवाखान्यात बसलेल्या सगळ्या आया हसल्या. तेव्हाच ठरवलं, आता जायचं तर पक्की खात्री करूनच. शिवाय कावीळ म्हटलं की रक्त काढणार, आणि रक्त काढताना जुईपेक्षा मीच जास्त रडते.

"कावीळ काय डॉक्टरकडं नेतात व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "निडीला माझ्या मामेबहिणीच्या शेजारी म्हातारी हाय. माळ घालते. माळ जशी खाली उतरंल तशी कावीळ उतरते."

"आई, अहो, त्याला काही अर्थ नाही."

"नसंल अर्थ. पन नुसकान काय हाय, ता सांग."

हा प्रश्न फार वाईट. मी आजवर जेवढा मूर्खपणा केलाय, तो सगळा 'नुकसान काय आहे' नंतरच केलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, जुई आणि सासूबाई निडीला जायला रोह्याच्या गाडीत.

निडीच्या म्हातारीने स्वतःच्या हातांवर कसलीशी साल घासली आणि जुईचे हात चुन्याच्या पाण्यात चोळले. पाणी पिवळं झालं. "बघ गो, कशी भरलीय," ती म्हणाली. मग दोऱ्यात काड्यांचे बारीक तुकडे गुंफलेली एक माळ काढून जुईच्या डोक्यावर मुकुटासारखी बसवली. "तेलकट नाय द्यायचा. पपय दे, गोड फळा दे. नि दुसरा इलाज नाय करायचा. माझी माळ रुसते."

माळ रुसू नये म्हणून मी मनातल्या मनात कबूल केलं. आणि तिथून तासाभरात दुसऱ्या इलाजाला गेले.

कारण माझं माहेर रोह्याचं. एवढ्या लांब येऊन आईला भेटले नाही तर ती वर्षभर ऐकवेल. सासूबाई निडीलाच मामेबहिणीकडे राहिल्या, आम्ही दोघी पुढे गेलो. आईने दारातच जुईच्या डोक्याकडे बघितलं.

"माळ? स्वाती, तुला शिकवून काय उपयोग झाला गं?"

"अगं, सासूबाईंचं मन मोडवेना."

"मग आता माझंही मोडू नकोस. चल आमच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे."

माळ काढायची नव्हती आणि दाखवायचीही नव्हती. आईने कपाटातून लोकरीची टोपी काढली आणि जुईच्या भुवयांपर्यंत ओढली. रोह्याच्या त्या उकाड्यात.

डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी तळवे बघितले आणि विचारलं, "टोपी का घातलीय?"

"सर्दी आहे," मी म्हटलं.

झालं. त्यांनी सर्दीचं विचारायला सुरुवात केली. नाक सकाळी जास्त वाहतं की संध्याकाळी? पातळ की घट्ट? उघड्यावर बरं वाटतं की बंद खोलीत? नसलेल्या सर्दीची एवढी बारीक माहिती मी कुठून आणली, मला माहीत नाही. पण आणली.

"हट्टी आहे का?"

"आईवर गेलीय," माझी आई मधेच म्हणाली.

"जेवते काय काय?"

"सगळं," मी ताबडतोब म्हटलं.

"सगळं म्हणजे?"

"वरणभात, पोळी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर." शाळेच्या भिंतीवर चौरस आहाराचा तक्ता असतो ना, तो मी वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला. आईने माझ्याकडे असं बघितलं, की जणू ती कुणा दुसऱ्याच घरात आलीय.

"दुसरं काही औषध वगैरे?"

"छे, नाही." टोपीखाली हात घालून जुई माळ खाजवत होती.

डॉक्टरांनी साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या दिल्या. कच्चा कांदा, लसूण, कॉफी बंद. हलकं खायला द्या, फळं द्या. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "पेणला गेल्यावर मुलांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. ते टाळू नका." मी दोन्ही वेळा मान हलवली. मान हलवण्यात मी कधीच कमी पडत नाही.

घरी आल्यावर सुरू झाला दुहेरी संसार. माळ अजून अंगावर आहे हे आईला फोनवर सांगायचं नाही, गोळ्यांचं सासूबाईंना कळू द्यायचं नाही. मी स्वयंपाकात लसूण घालणं सोडलं, तर सासूबाई सुकटीच्या वाटीत बोट बुडवून म्हणाल्या, "लसणीबिगर ह्या काय केलंस? आजारी पोर हाय का आमी?"

माळ मात्र कामाला लागली होती. दोरा सैल पडला आणि ती डोक्यावरून गळ्यात आली. "बघ, उतरली," सासूबाई म्हणाल्या. गळ्यातून छातीवर, छातीवरून कमरेवर. जुई ती फ्रॉकच्या आत घालायची आणि शेजारच्या मुलींना सांगायची, हा राणीचा पट्टा आहे.

आणि तळवे? तळवे जास्तच पिवळे होत चालले होते. आता नाकाचा शेंडाही पिवळा.

मी आईला फोन केला. "अगं, वाढतंय."

"वाढणारच. आधी वाढतं, मग जातं. गोळ्या लागू पडल्या म्हणायचं."

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्ताचा रिपोर्ट काय आला?"

"यायचाय अजून," मी म्हटलं.

म्हणजे बघा, माळ उतरत होती म्हणून सासूबाई खूश, रंग चढत होता म्हणून आई खूश. घरात पिवळी पडत चाललेली पोर एकच, आणि घाबरलेली बाईही एकच. घाबरले की मला काहीतरी करावंसं वाटतं. मी पपई दुप्पट केली.

निलेश, माझा नवरा, डोलवीला कंपनीत आहे. त्याची तेव्हा अशी शिफ्ट चालू होती, की जुई त्याला झोपलेलीच दिसायची. सुट्टीच्या दिवशी त्याने तिला अंगणात उजेडात बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"ही हळदीला बसलीय का?"

"कावीळ आहे. पण उतरतेय."

"उतरून कुठे चाललीय? नाकावर आलीय ती."

मग काय, दहा मिनिटांत आम्ही तिघं मॅडमच्या समोर.

मॅडमनी आधी कापसाला स्पिरिट लावून जुईचा तळवा पुसला. रंग गेला नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण आता हे स्केचपेन नव्हतं. आता हे खरं होतं.

मॅडमनी डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, लघवीचा रंग विचारला. "याआधी कुठे दाखवलंत?"

"कुठेच नाही."

तेवढ्यात जुई टेबलावरून उतरली आणि फ्रॉकमधून ती माळ घसरून थेट फरशीवर पडली.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"माझी कावीळ," जुई म्हणाली. "उतरली."

निलेश छताकडे बघायला लागला. मॅडमनी माळेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमचा हात द्या."

"माझा?"

त्यांनी माझा तळवा जुईच्या तळव्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच पिवळे. "साथ आहे का हो मॅडम?" मी खुर्ची चाचपडत विचारलं. निलेशने गुपचूप स्वतःचे हात उलटून बघितले.

"दोघी खाता काय?"

"सगळं," मी म्हटलं. सवयच लागली होती.

"मी जुईला विचारतेय."

"भोपळ्याची खीर," जुई म्हणाली.

"आणि?"

"गाजराचा ज्यूस. आणि पपई. मग परत खीर."

"आणि मम्मी?"

"मम्मी माझं उरलेलं खाते. मी खूप उरवते."

आता तुमच्यात जी कुणी आई असेल तिने सांगावं, मुलाच्या ताटलीतलं उरलेलं कुणाच्या पोटात जातं? आणि आपलं मूल भाजी-पोळी थुंकून टाकतं, महिनोन्‌महिने फक्त लाल भोपळ्याची खीर खातं, हे डॉक्टरला कोण सांगतं? गाजराचा ज्यूस तर मीच सुरू केला होता, मोबाईल बघून तिचे डोळे बिघडतील म्हणून.

"कावीळ नाही," मॅडम म्हणाल्या. "कावीळ असती तर डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला असता. हा गाजर-भोपळ्यातला रंग आहे. कॅरोटीन. कातडीत उतरलाय. खाणं बदललं की जाईल हळूहळू. तरी खात्रीसाठी रक्त बघू."

मी बी.एस्सी. आहे. बॉटनी. कॅरोटीनवर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलंय, आकृतीसकट.

रक्त काढलं. मी रडले. जुईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल आला आणि आमच्या घरी विजयोत्सव सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "माळ भुईला टेकली आनि कावीळ गेली. डॉक्टरनीनं पन लिवलंय, कावीळ नाय." आई फोनवर म्हणाली, "गोळ्या वेळेत पोटात गेल्या म्हणून रिपोर्ट चांगला आला." निलेशचं म्हणणं, त्याने सुट्टीच्या दिवशी डोळे उघडे ठेवले म्हणून सगळं कळलं. रोह्याच्या डॉक्टरांना मीच फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, माळ, टोपी, सर्दी, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मी विचारलं होतं ना, जेवते काय?"



त्या संध्याकाळी मी जुईच्या ताटात पोळी आणि भेंडीची भाजी वाढली. तिने भेंडीचा एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि फिरवून फिरवून बघितला.

"हे खाऊन मी हिरवी होणार?"

"नाही गं राणी."

"आणि झाले तर?"

"झालीस तर आपण डॉक्टरकडे जाऊ."

जुईने भेंडी चावली, गिळली आणि विचार करून म्हणाली, "मी बाबाबरोबर जाईन. तू बाहेर थांब. तुला काही विचारलं की तू खोटं सांगतेस."