पान लिहिलं का?

दारव्ह्याच्या कॉलेजात मन्सूरचाचांनी एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. शिक्षण सातवीपर्यंत, हुद्दा ग्रंथालय परिचराचा. पण पोरं वह्या उघडून टिपणं काढायला बसली की चाचा मागून फिरत हळूच विचारायचे, "पान लिहिलं का?" पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पानाचा आकडा आधी; मजकूर मागून, असा त्यांचा हट्ट. एका नव्या पोरीला हे ठाऊक नव्हतं; तिनं 'पान आणलं का' असं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं चौकातून मसाला पान बांधून आणलं आणि लाजत टेबलावर ठेवलं. चाचांनी ते शांतपणे तोंडात टाकलं आणि म्हणाले, "हे झालं. आता पुस्तकातलं सांग."

ती दिपाली.

चाचा रिटायर झाले. घरी बसल्या बसल्या त्यांना कधी वाटायचं, एवढ्या वर्षांत आपण धूळच झटकली की काय. आता पोरं मोबाईलवर शोधतात. चाचांना कोण विचारतं?

आणि एका सकाळी दिपाली दारात उभी. यवतमाळहून जीपनं आली होती, चेहरा उतरलेला. तिचा एम.ए.चा लघुप्रबंध आठवडी बाजारावर होता, सोमवारी द्यायचा. त्याचं अख्खं तिसरं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं: बाजारात आधी ओळख विकली जाते, मग माल. कॉलेजात असताना तिनं ते वहीत उतरवलं होतं, पण कुठून, ते लिहिलं नव्हतं. सरांनी बजावलं होतं, आधार दाखव, नाहीतर वाक्य काढ.

"हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं चाचा, येवढं पक्कं आठवते मले."

चाचांनी कपाळाला हात लावला. एका वर्षी कॉलेजनं हिरव्या कापडाचा तागाच आणला होता आणि दोनशेवर फाटकी पुस्तकं चाचांनी स्वतःच त्यात बांधली होती. हिरवं म्हणजे खूण नव्हे, जंगल होतं ते.

तरी दोघं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथल्या नव्या मॅडमनी खुर्ची दिली. कपाट उघडताच खळीचा तो जुना वास आला आणि चाचांनी पुठ्ठ्यांवरून हात फिरवला. कुठल्या पुस्तकाला आपण जाड टाका घातला, कुठल्याचं शेवटचं पान पोरांनी पळवलं, बोटांना सगळं आठवत होतं. अकरापासून चारपर्यंत त्यांनी बाजारावरची, व्यापारावरची, गावगाड्यावरची सगळी हिरवी पुस्तकं चाळली. वाक्य नव्हतं. वाक्य ओळखीचं वाटतंय, आपणही कधी वाचलं असेल, एवढंच चाचा दोनदा पुटपुटले.

दिपालीनं शेवटचं पुस्तक कपाटात ठेवलं. मग म्हणाली, ते वाक्य काढूनच टाकते.

"थांब," चाचा म्हणाले. "तू कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवलं. मूळ वही कुठाय?"

वही पिशवीतच होती. चाचांनी चष्मा लावला. वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि समासात बारीक अक्षरात: चाचांसाठी सुई-दोरा.

चाचांनी त्या ओळीवर बोट टेकवलं आणि त्यांना तो दिवस आठवला. चाचा पुस्तक शिवत होते, दोरा संपत आला होता, दिपाली त्याचं टोक धरून बसली होती. हिरवं पुस्तक हातात होतं, आणि बोलत होते ते चाचा.

"हे कुठं छापलेलं नाही बेटा. माझ्या अम्मीचं हाय. बाजारात चूड्या विकायची."

दिपालीचा चेहरा उजळला. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि सांगितल्याची तारीख असली तर सर तोंडी माहितीही चालवून घेतात, असं ती घाईघाईनं सांगू लागली. चाचा मात्र अवघडले. अम्मी अंगठा लावायची. तिचं नाव प्रबंधात? लोक हसतील.

"हासू द्या," दिपाली म्हणाली. "मले पान विचारत होते ना तुम्ही? याचं पान म्हंजे अम्मीचं नावच हाये."

चाचांनी नको म्हणून मान हलवली. पण मग वहीवर बोट ठेवलं. "असं नव्हती म्हणत ती. माल नाही. 'पहले पहचान बिकती, चूड़ी बाद में.' तिच्या बोलीत लिही. मराठी खाली दे, ते माझं."

दिपालीनं जुनी ओळ खोडून आधी अम्मीचे शब्द लिहिले, मग मराठी. खाली लिहिलं: जुबैदाबी, बांगडीवाल्या, दारव्हा. सांगणार मुलगा मन्सूर, निवृत्त ग्रंथालय परिचर. वही त्यांच्यापुढं सरकवली.

चाचांनी दोनदा वाचलं. अम्मीच्या नावावरून बोट फिरवलं. डोळे पुसायला चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.